मूस, लोखंड आणि द्राक्षाची काडी

(नाशिक येथे भरलेल्या ज्ञातीच्या वार्षिक संमेलनात दिलेले व्याख्यान)



कार्यक्रमपत्रिकेत आमच्या व्याख्यानाचा विषय ‘वनस्पतींच्या टाकाऊ भागांपासून ग्रॅफाइट’ असा छापला आहे. तो वाचून, हा विषय ज्ञातीच्या संमेलनात कशासाठी, असे पुष्कळांना वाटले असेल. वधूवरांची यादी, विद्यार्थी निधी, कालिकामातेच्या उत्सवाचा जमाखर्च हे आपले नेहमीचे विषय. परंतु यंदा यांपैकी एका विषयातूनच हा दुसरा विषय निघाला आहे. द्राक्षबागांतील छाटणीच्या काड्यांपासून बॅटरीला लागणारे ग्रॅफाइट तयार करणारा कारखाना निघत असून आपल्या विद्यार्थी निधीतील काही रक्कम त्यात गुंतवावी, अशी सूचना कार्यकारी मंडळापुढे आली. ज्ञातीत रसायनशास्त्र शिकविण्यात आयुष्य घालविलेली माणसे थोडी. म्हणून मत देण्याचे काम आमच्याकडे आले.

मत सांगण्यापूर्वी एक कबुली देणे आम्ही आमचे कर्तव्य समजतो. ही योजना घेऊन आलेले गृहस्थ गेल्या वर्षी प्रथम आपल्यापैकीच एका घरी आले होते. त्या बैठकीस आम्हीही हजर होतो. त्यांनी एका बाटलीतून काळी भुकटी काढली, ती काचेच्या नळीत दाबून भरली, दोन्ही टोकांना तारा लावल्या आणि लहानसा दिवा पेटवून दाखविला. मग तीच भुकटी कागदावर घासून पेन्सिलीसारखी रेघ ओढली. मंडळी प्रसन्न झाली. सर्वांनी आमच्याकडे पाहिले, आणि आम्ही म्हणालो, “शास्त्राच्या दृष्टीने यात अशक्य असे काही नाही.” वाक्य खरे होते, पण त्या घटकेला ते बोलणे चुकीचे होते. त्या एका वाक्यावर विसंबून आपल्या एका कुटुंबाने, मुलीच्या लग्नासाठी ठेवलेल्या पैशांतून, बरीच मोठी रक्कम त्या गृहस्थांच्या हवाली केली. ती अद्याप परत आलेली नाही. तेव्हा आजचे हे व्याख्यान म्हणजे त्या वाक्याचा राहून गेलेला उत्तरार्ध आहे, असे समजावे.

आपण तांबट. नाशिकच्या तांब्यापितळेच्या भांड्यांच्या धंद्याची दखल 1883 सालच्या जिल्हा गॅझेटिअरमध्येही घेतलेली आहे. पुढे स्टेनलेस स्टील आले, हंडे-घंगाळी माळ्यावर गेली, आणि मठारण्याचा तो ठोका पूर्वी पहाटेपासून ऐकू यायचा तो आता क्वचितच कानी पडतो. तरीही ज्यांच्या घरी ओतकाम होते, त्यांच्या घरी एक वस्तू अजून कोपऱ्यात सापडेल. ती म्हणजे मूस. काळी, जाड बुडाची, हात लावला की बोटे काळी करणारी. ही मूस माती आणि ग्रॅफाइट यांची असते. युरोपात पासाऊ गावच्या ग्रॅफाइटच्या मुशी कित्येक शतके नावाजलेल्या होत्या. आपल्याकडे छत्रपती संभाजीनगरजवळ वाळूज येथे आजही मुशींचा मोठा कारखाना आहे. तेव्हा ग्रॅफाइट हा आपल्या घरच्या ओळखीचा पदार्थ आहे, फक्त त्याचे हे नाव आपल्या आज्या-पणज्यांना ठाऊक नव्हते. शाळेतली मुले ज्याला शिसपेन्सिल म्हणतात, तिच्यातही शिसे अजिबात नसते. असते ते हेच ग्रॅफाइट आणि माती. एकेकाळी लोक त्याला काळे शिसे समजत. तो शुद्ध कोळशाचाच एक प्रकार आहे, हे स्वीडनच्या शेले या रसायनशास्त्रज्ञाने 1779 साली दाखविले.

मग कोळसा आणि ग्रॅफाइट यांत फरक काय? द्रव्य एकच, मांडणी निराळी. ग्रॅफाइटमध्ये कार्बनचे अणू षट्कोनांच्या जाळीसारखे पसरलेले असतात आणि अशा जाळ्या पत्त्यांच्या जोडासारख्या एकीवर एक नीट रचलेल्या असतात. एका सेंटिमीटरचे 10 कोटी भाग केले, तर त्यांतल्या 3.35 भागांइतके अंतर दोन जाळ्यांत असते. पत्ता पत्त्यावरून घसरतो, म्हणून ग्रॅफाइट बोटाला तेलकट लागते आणि कागदावर उमटते. लाकडाच्या कोळशातही तशा जाळ्यांचे बारीक तुकडे असतात. पण ते चुरगाळलेले, तिरपे, एकमेकांत अडकलेले. कुणीतरी पत्त्यांचा जोड फाडून पोत्यात भरावा तसे.

हा अडकलेला जोड नुसत्या उष्णतेने सुटत नाही. 1951 साली रोझॅलिंड फ्रँकलिन या इंग्रज विदुषींनी हा विषय कायमचा स्पष्ट केला. डीएनएच्या रचनेच्या शोधात ज्यांची क्ष-किरण छायाचित्रे पुढे गाजली, त्याच या. त्यांनी कार्बनचे दोन वर्ग पाडले. डांबरापासून केलेला कोक तापविला की ग्रॅफाइट होतो, कारण कोळसा होण्यापूर्वी तो पातळ होतो आणि पातळ अवस्थेत जाळ्यांना नीट ओळीत बसावयास सवड मिळते. साखरेचा कोळसा मात्र 3,000 अंशांपर्यंत तापविला तरी खरे ग्रॅफाइट होत नाही. त्यातले दुवे इतके घट्ट असतात की जाळ्यांना हलताच येत नाही. लाकूड, काड्या, नारळाच्या करवंट्या हे सारे साखरेच्याच वर्गातले. लाकूड जळताना वितळत नाही, आपला आकार धरून ठेवते. भट्टीतून निघालेल्या कोळशावर मूळ लाकडाच्या रेषा दिसतात, हे आपण नित्य पाहतो. तो आकार धरून ठेवण्याचा हट्टच ग्रॅफाइटच्या आड येतो.

कारखान्यात ग्रॅफाइट होते ते कसे? अमेरिकेतील अॅचेसन यांनी विजेच्या भट्टीत ते करण्याची रीत काढली आणि 1896 साली तिचे पेटंट घेतले. आजही मूळ तत्त्व तेच आहे. पेट्रोलियमचा कोक व डांबर यांचे जाड दांडे भाजावयाचे आणि मग 2,500 ते 3,000 अंश सेल्सिअसपर्यंत तापवावयाचे. पोलादाच्या विद्युत भट्ट्यांना असे दांडे लागतात. खुद्द नाशिकमध्ये ग्रॅफाइटचे काम करणारे कारखाने आहेत. ग्रॅफाइट इंडिया हे त्यांतले मोठे नाव. आपल्या काही तरुणांनी तिकडच्या नोकऱ्यांतून हे तापमान दुरून का होईना पाहिले असेल. तांबे 1,085 अंशांवर वितळते. म्हणजे त्या भट्टीला तांबटाच्या भट्टीच्या जवळजवळ तिप्पट आच लागते, आणि तितकी वीजही जाळावी लागते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. जे काम 3,000 अंशांवरही होत नाही, ते आपल्या पितळेच्या भट्टीच्या आचेवर, 800 ते 1,000 अंशांत, कसे व्हावे?

याचे उत्तर आम्ही पुस्तकात वाचण्यापूर्वी आमच्या थोरल्या काकांच्या हातचा मार खाऊन शिकलो होतो. आम्ही दहा-अकरा वर्षांचे असताना एका दुपारी काका जेवून पडले होते. आम्ही चुलत भावाला बरोबर घेऊन एका जुन्या मुशीत मोडक्या कानशीचे तुकडे टाकले, कोक भरला आणि पंखा जोराने फिरविला. लोखंड आमच्या भट्टीत वितळणार नाही, असे सगळे सांगत. आम्हांस ते वितळवून दाखवावयाचे होते. आणि ते वितळले! पण मूस रिकामी केली तेव्हा तिच्या बुडाला खळगे पडलेले होते, जणू उंदरांनी कुरतडली होती. काका उठून आले, त्यांनी मुशीत डोकावून पाहिले, आमचा कान धरला आणि म्हणाले, “तांबं मुशीत सोवळ्यानं राहतं रे. लोखंड मूस खातं.”

काकांच्या या वाक्यात सारे शास्त्र आले. वितळलेले तांबे कार्बनला जवळजवळ शिवतच नाही. म्हणून पिढ्यान् पिढ्या आपण ग्रॅफाइटच्या मुशीत तांबे-पितळ निर्धास्त ओतले. लोखंडात मात्र कार्बन विरघळतो. शुद्ध लोखंड वितळावयास 1,538 अंश लागतात, पण 4.3 टक्के कार्बन पोटात गेला की तेच लोखंड 1,147 अंशांवर पातळ होते. आमच्या कानशीच्या तुकड्यांनी मुशीतले ग्रॅफाइट खाल्ले आणि म्हणूनच ती कमी आचेवर वितळली. आणि हे खाल्लेले पुन्हा बाहेरही येते. बिडाचा तुकडा मोडून पाहा, मोडलेली बाजू करड्या रंगाची दिसते. तो करडेपणा बीड निवताना त्यातून बाहेर पडलेल्या ग्रॅफाइटच्या पापुद्र्यांचा होय.

आमच्या भगिनींना हे अधिक सोपे करून सांगता येईल. दाट पाकात पिठीसाखर टाकली तर ती विरघळते. आणि त्याच पाकात दोरा सोडून ठेवला तर त्यावर खडीसाखरेचे स्वच्छ खडे धरतात. साखर तीच, पण भुकटी विरली आणि खडा बांधला गेला. लोखंड हा असा पाक आहे. चुरगाळलेला कोळसा ते सहज गिळते, कारण तो अस्थिर असतो. आणि सोडताना मात्र नीट रचलेले, स्थिर ग्रॅफाइट सोडते. स्वतः लोखंड शेवटी होते तेवढेच उरते. अशा मध्यस्थाला रसायनशास्त्रात उत्प्रेरक म्हणतात. निकेल आणि कोबाल्ट यांनाही हा गुण आहे, पण ते महाग आणि विषारी. लोखंड स्वस्त आणि निरुपद्रवी.

वनस्पतीचा कार्बन लोखंडास खाऊ घालणे ही गोष्ट या देशाला नवीन नाही. म्हैसूर-सालेमकडील लोहार बंद मुशीत लोखंडाबरोबर तरवडाचे लाकूड आणि रुईची पाने घालून, मातीने तोंड लिंपून, भट्टीत ठेवीत आणि त्यातून जगप्रसिद्ध ‘वूट्झ’ पोलाद काढीत. त्यांना पोलाद हवे होते, ते लोखंडात कार्बन घालून थांबत. आजचे संशोधक लोखंडातून कार्बन परत काढून घेतात, एवढाच फरक. अर्थात त्या लोहारांना ग्रॅफाइटची विद्या अवगत होती, असे म्हणणे हा पोकळ अभिमान ठरेल.

आधुनिक प्रयोगाची रीत अशी आहे. लाकडाचा भुसा किंवा काड्यांचा चुरा लोहाच्या क्षाराच्या पाण्यात भिजवावयाचा. क्षार लाकडाच्या पेशीपेशींत शिरतो. मग तो वाळवून, हवा लागू न देता, तापवावयाचा. प्रथम कोळसा होतो. पुढे 700 अंशांच्या आसपास कोळसाच लोहाच्या भस्मातील प्राणवायू ओढून घेतो आणि लोखंडाचे अतिसूक्ष्म कण उघडे पडतात. हे कण कोळसा खात खात पुढे सरकतात आणि मागे ग्रॅफाइटची पोकळ वाट ठेवून जातात, आंब्याच्या खोडात भिरूड शिरावा तशी. इंग्लंडमध्ये बर्मिंगहॅम विद्यापीठात झोई श्नेप आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी लाकडाचा भुसा व लोहाचे नायट्रेट घेऊन हे काम केले आणि 2015 साली प्रसिद्ध केले. त्यांना त्यासाठी 800 अंश पुरले.

महाराष्ट्रही या क्षेत्रात मागे नाही. मुंबईच्या आय.आय.टी.त महेश्वर शरण आणि त्यांचे सहकारी यांनी 1994 सालीच कापरापासून फुलरीन हे कार्बनचे चेंडूच्या आकाराचे रेणू मिळविल्याचे प्रसिद्ध केले. आपल्या आरतीतला कापूर! पुढे जपानमध्ये कापराच्या वाफेबरोबर लोहयुक्त फेरोसीन वापरून कार्बनच्या सूक्ष्म नळ्या करण्यात आल्या. तेथेही काम करणारे लोखंडच. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत सतीशचंद्र ओगले यांच्या गटाने झाडाखाली गळून पडलेल्या पानांपासून वीज साठविणारा सच्छिद्र कार्बन केला आणि ते काम 2013 साली छापून आले. तो ग्रॅफाइट नव्हे. पण पालापाचोळ्याची किंमत काय होऊ शकते, हे त्यातून कळते.

आता आमच्या नाशिककडे. निफाड, दिंडोरी, पिंपळगाव या भागांत वर्षातून दोनदा द्राक्षवेलींची छाटणी होते, एप्रिलमध्ये खरड आणि ऑक्टोबरच्या सुमारास गोडी. त्या दिवसांत बांधाबांधावर काड्यांचे ढीग पडतात. कोणी त्या कुट्टी करून मातीत घालतो, कोणी सरळ पेटवून देतो. त्या काड्यांवर आपलेही काही आहे बरे! केवड्यासाठी बागायतदार मोरचुदाची फवारणी करतात, आणि मोरचूद म्हणजे तांब्याचाच क्षार. पण वर सांगितल्याप्रमाणे तांबे कोळशाला शिवत नाही. ग्रॅफाइटच्या कामी त्याचा उपयोग नाही, उलट ते शेवटी धुऊन काढावे लागते. आपल्या धातूची एवढी एक उणीव या ठिकाणी मान्य केलीच पाहिजे.

बैठकीतल्या त्या वाक्याची टोचणी लागल्यावर आम्ही हा प्रयोग स्वतः करून पाहावयाचे ठरविले. ज्ञातीतल्या एका तरुणाच्या कारखान्यात भट्टी मिळाली. दिंडोरीहून एक पोते काड्या आल्या. पहिल्या खेपेस आम्ही हिराकस वापरला. हिरडा आणि हिराकस यांची शाई आपल्या वाडवडिलांनी केली आहे, हिराकस बाजारात सहज मिळतो, म्हणून. ती आमची चूक होती. हिराकसात गंधक असते. मूस उघडून आतला माल आम्लात टाकताच कुजक्या अंड्यांची भयंकर दुर्गंधी सुटली. तो हायड्रोजन सल्फाइड नावाचा प्राणघातक वायू होय. आम्ही सर्वांना ओढून बाहेर काढले आणि तासभर कोणी आत गेले नाही. रसायनशास्त्र शिकविलेल्या माणसाला हे आधी सुचावयास हवे होते. घरी कोणी हा प्रयोग करू पाहील तर त्याने ही गोष्ट ध्यानात ठेवावी. किंबहुना घरी कोणी करूच नये.

दुसऱ्या खेपेस फेरिक क्लोराइड घेतले. तांब्याच्या पत्र्यावर नक्षी कोरणाऱ्यांना हे तपकिरी पाणी परिचित आहे. काड्यांचा चुरा त्यात दोन दिवस भिजविला, वाळविला, मुशीत दाबून भरला, वर कोळशाची भुकटी घालून झाकण मातीने लिंपले आणि शेजारच्या मुशीतले पितळ पातळ राहील एवढी आच सकाळपासून दुपारपर्यंत ठेवली. धुराड्यातून आम्लाच्या वाफा येत होत्या, हे सांगितले पाहिजे. निघालेली भुकटी लोहचुंबकाला झोंबत होती. ती आम्लात धुतली, पुन्हा पाण्यात धुतली, वाळविली. आणि तिचा नमुना, त्या गृहस्थांच्या बाटलीतला नमुना आणि साधा कोळसा, असे तीन नमुने आम्ही पुण्यास क्ष-किरणांच्या तपासणीसाठी पाठविले.

येथे दिव्याच्या चमत्काराविषयी सांगावयास हवे. सुमारे 700 अंशांच्या वर भाजलेला कोणताही चांगला कोळसा वीज वाहून नेतो. कागदावर रेघ तर चुलीतला कोळसाही ओढतो. तेव्हा दिवा पेटला याचा अर्थ ग्रॅफाइट झाले असा मुळीच होत नाही. हे आम्हांस ठाऊक होते. पण त्या दिवशी आठवले नाही. खरी परीक्षा क्ष-किरणांची. जाळ्या नीट रचलेल्या असतील तर ठरावीक कोनावर किरण एकवटून परततात आणि आलेखावर उंच, निमुळते शिखर उठते. ग्रॅफाइटचे शिखर सुमारे 26.5 अंशांच्या कोनावर येते. साध्या कोळशाचा त्याच्या अलीकडे नुसता पसरट उंचवटा दिसतो. गंमत अशी की, हा कोन ज्या क्ष-किरणांसाठी सांगतात, ते तांब्यावर विजेचा मारा करून काढलेले असतात. येथे मात्र आपले तांबे कामास येते.

आलेख आले. साध्या कोळशाचा उंचवटा. गृहस्थांच्या नमुन्याचाही उंचवटा, शिखर नाही. आमच्या भुकटीचा उंचवटा, पण त्याच्या खांद्यावर 26.5 अंशांच्या जागी एक स्पष्ट शिखर. म्हणजे द्राक्षाच्या काडीतून, पितळेच्या भट्टीत, नाशिकमध्ये ग्रॅफाइट झाले. तो कागद हाती आला त्या रात्री आम्हांस झोप लागली नाही, हे सांगावयास संकोच वाटत नाही.

परंतु ग्रॅफाइट होणे आणि ग्रॅफाइटचा धंदा होणे या दोन गोष्टी आहेत. हिशेब पाहू. काडीचा मुख्य घटक सेल्युलोज; त्यात वजनाने 44.4 टक्के कार्बन. सगळा कार्बन हाती लागला तरी 100 किलोंचे 44 किलो. प्रत्यक्षात पुष्कळ कार्बन धुरावाटे जातो आणि कोळसा साधारण चौथाई उरतो. त्या कोळशातलाही काही भागच ग्रॅफाइट होतो. मग लोखंड काढणे. एक किलो लोखंड विरघळविण्यास बाजारी मीठाचे आम्ल, म्हणजे साधारण 33 टक्क्यांचे, जवळजवळ 4 किलो लागते. शिवाय लोखंडाचे कित्येक कण ग्रॅफाइटच्या कवचात असे बंद होतात की आम्ल त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही. बॅटरीवाल्यांना 99.95 टक्के शुद्धता हवी. काडीतली राख, चुना, फवारणीचे तांबे हे सारे निघाले पाहिजे.

आणि ते धुवण? आमच्या बादलीत हिरवट-पिवळे, आम्लयुक्त पाणी साचले होते. कारखान्यातील एक पोरगा ते नेहमीच्या सवयीने मोरीत ओतावयास निघाला होता. ती मोरी नाल्यास, नाला नदीस, आणि नदी कोणती ते नाशिककरांना सांगावयास नको. आम्ही चुन्याची निवळी घालून ते शमविले. खाली तांबूस गाळाचा थर बसला. बादलीभर पाण्याचे हे झाले, कारखान्याचे काय? उपाय नाही असे नाही. तेच लोहाचे पाणी पुन्हा नव्या काड्या भिजविण्यास वापरता येईल, म्हणजे लोखंड फिरत राहील आणि गाळही होणार नाही. योजनेच्या छापील पत्रकात आम्ही हा मुद्दा शोधला. त्यात नफ्याचे आकडे होते, धुवणाचा एक शब्द नव्हता.

मालाच्या गुणाविषयीही दोन शब्द. असे ग्रॅफाइट अतिशय बारीक कणांचे, पुष्कळ पृष्ठभागाचे असते. बॅटरीत असा पृष्ठभाग पहिल्याच भरणीत बरेच लिथियम अडकवून ठेवतो, म्हणून ते खाणीच्या किंवा अॅचेसन पद्धतीच्या ग्रॅफाइटच्या तोडीस सहज येत नाही. आपल्या मुशीसाठीही ते चालणार नाही. मुशीला मोठे, डोळ्यांना दिसणारे पापुद्रे लागतात. मग उपयोग कशाचा? दुसऱ्या द्रव्यात मिसळून त्याची वीजवाहकता वाढविण्यास, वीज साठविणाऱ्या उपकरणांत, आणि लोखंड मुद्दाम आत ठेवले तर पाणी शुद्ध करण्यास. कारण मळ शोषून झाल्यावर ती भुकटी लोहचुंबकाने पाण्याबाहेर ओढता येते. आमच्या मते नाशिकने प्रथम या शेवटच्या उपयोगाकडे पाहावे. तेथे आम्लाचा खर्चच वाचतो. बॅटरीचे नाव मोठे आहे आणि त्याला कारणही आहे. ग्रॅफाइटच्या बाबतीत जग चीनवर फार अवलंबून आहे, आणि 1 डिसेंबर 2023 पासून चीनने त्याच्या निर्यातीस परवाना लावल्यानंतर सर्व देश दुसरे मार्ग शोधू लागले. पण ज्या वस्तूचे नाव मोठे, तिच्या नावावर पैसे गोळा करणेही सोपे.

तेव्हा कार्यकारी मंडळाने विचारलेल्या प्रश्नाचे आमचे उत्तर असे. शास्त्र खरे आहे; आम्हांस दाखविलेला नमुना ग्रॅफाइट नव्हता. विद्यार्थी निधीतील एक रुपयाही या योजनेत घालू नये. ज्या कुटुंबाची रक्कम गेली, त्यांना आम्ही आलेखाची प्रत व आमचे लेखी मत दिले असून ज्ञातीतल्या वकील बंधूंनी त्यांचे काम विनामूल्य घेतले आहे. ज्यांच्याकडे पुन्हा कोणी अशी बाटली घेऊन येईल, त्यांनी दिवा पेटविण्यास सांगू नये. आपल्या हाताने मोजून दिलेल्या काड्या आपल्या देखत भट्टीत घालण्यास सांगावे आणि निघालेला माल आपणच मोहोर करून तपासणीस पाठवावा. तयार बाटलीत खाणीचे ग्रॅफाइट मिसळले असेल तर क्ष-किरणही फसतात.

निधीविषयी आमची दुसरी सूचना आहे. यंदा विज्ञान शाखेत चांगले गुण मिळविलेली आपली दोन मुले आणि एक मुलगी आहे. पुण्याच्या सीओईपी तंत्रज्ञान विद्यापीठात धातुशास्त्र शिकवितात. मुंबईत रसायन तंत्रज्ञान संस्था आहे. या तिघांपैकी ज्यांना तिकडे प्रवेश मिळेल, त्यांचा खर्च निधीच्या व्याजातून करावा. त्या मुलीने आमच्या दुसऱ्या खेपेस मुशीचे झाकण लिंपले होते, आणि लोहाचे पाणी परत वापरण्याची कल्पनाही मूळ तिचीच आहे. आम्ही ती फक्त येथे सांगितली.

बाजूच्या मेजावर तीन काचेच्या बाटल्या, क्ष-किरणांचे आलेख आणि आमच्या लहानपणची ती कुरतडलेली मूस ठेवली आहे. काकूंनी ती इतकी वर्षे सांभाळून ठेवली होती. सर्वांनी जेवणापूर्वी पाहून घ्यावे. भुकटीला हात लावण्यास हरकत नाही. बोटे काळी होतील, शेजारी साबण व पाणी आहे.